इफ, एलिफ आणि एल्स : अटी स्वतंत्र लिहायच्या की एका साखळीत गुंफायच्या?

प्रश्न : पायथन_नवशिकी

नमस्कार. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि पायथन ही प्रोग्रामिंग भाषा शिकायला नुकतीच सुरुवात केली आहे. सरावासाठी आम्हाला निकालाचा प्रोग्राम दिला आहे. पाच विषयांचे प्रत्येकी 100 पैकी गुण घ्यायचे, टक्केवारी काढायची आणि दहावीच्या निकालात असते तशी श्रेणी छापायची : 75 आणि त्याहून अधिक टक्क्यांना विशेष प्रावीण्य, 60 पासून प्रथम श्रेणी, 45 पासून द्वितीय श्रेणी, 35 पासून उत्तीर्ण आणि त्याखाली अनुत्तीर्ण.

आधी मी प्रत्येक श्रेणीसाठी वेगळा इफ (‘जर’ अशी अट) लिहिला होता. 500 पैकी 410 गुण, म्हणजे 82 टक्के, देऊन पाहिले तेव्हा विशेष प्रावीण्य, प्रथम श्रेणी, द्वितीय श्रेणी आणि उत्तीर्ण अशा चारही ओळी एकाखाली एक छापल्या गेल्या. म्हणून प्रत्येक अटीला वरची मर्यादाही घातली :

इफ टक्के >= 60 अँड टक्के <= 74:
    प्रिंट("प्रथम श्रेणी")
इफ टक्के >= 45 अँड टक्के <= 59:
    प्रिंट("द्वितीय श्रेणी")

आता 82 टक्क्यांना एकच ओळ येते, पण एकूण गुण 298 दिले की काहीच छापले जात नाही आणि एररही येत नाही. वर्गातल्या एका मैत्रिणीचे म्हणणे आहे की सगळीकडे एलिफ वापरावे. दुसरा एक जण इफच्या पोटात इफ लिहायला सांगतो. दोघांच्या पद्धतीने प्रोग्राम चालेल असे वाटते, पण मला केवळ चालणारा कोड नको आहे. कोणत्या प्रसंगी कोणती रचना निवडायची हे मुळात ठरवायचे कसे, ते समजून घ्यायचे आहे. (इथे वाचायला सोपे जावे म्हणून कोड पूर्ण देवनागरीत लिहिला आहे; प्रत्यक्षात इफ, अँड, प्रिंट हे शब्द रोमन लिपीतच टाइप केले आहेत.)


उत्तर 1 : संगणक_शिक्षिका

तुमच्या प्रश्नात दोन वेगवेगळ्या चुका आहेत आणि त्या एकमेकींत मिसळल्यामुळे गोंधळ झाला आहे, म्हणून त्या आधी सुट्या करू.

पहिली चूक अशी की, स्वतंत्र लिहिलेले चार इफ हे संगणकाच्या दृष्टीने चार स्वतंत्र प्रश्न असतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले म्हणून दुसरा प्रश्न विचारायचे तो थांबत नाही. 82 हे 75 पेक्षा मोठे आहे, 60 पेक्षाही मोठे आहे, 45 आणि 35 पेक्षाही मोठे आहे. चारही विधाने खरी आहेत, म्हणून चारही ओळी छापल्या गेल्या. प्रोग्रामने तुम्ही विचारले त्याचेच प्रामाणिक उत्तर दिले.

दुसरी चूक 298 गुणांपाशी उघडी पडते. 500 पैकी 298 म्हणजे 59.6 टक्के. हा आकडा 59 पेक्षा मोठा आणि 60 पेक्षा लहान असल्यामुळे तुमच्या दोन्ही अटींच्या मधल्या फटीत पडतो. ‘45 ते 59’ आणि ‘60 ते 74’ अशी भाषा आपण तक्त्यांत नेहमी वाचतो आणि पूर्णांकांपुरती ती बरोबरही असते, परंतु टक्केवारी अपूर्णांकात येऊ लागली की तिथे जागा सुटते. 299 गुणांना, म्हणजे 59.8 टक्क्यांना, आणि 371 ते 374 या गुणांनाही तुमचा प्रोग्राम असाच गप्प राहील.

एलिफची, म्हणजे ‘नाहीतर, जर’ अशी, साखळी या दोन्ही चुका एकदमच दूर करते :

इफ टक्के >= 75:
    प्रिंट("विशेष प्रावीण्य")
एलिफ टक्के >= 60:
    प्रिंट("प्रथम श्रेणी")
एलिफ टक्के >= 45:
    प्रिंट("द्वितीय श्रेणी")
एलिफ टक्के >= 35:
    प्रिंट("उत्तीर्ण")
एल्स:
    प्रिंट("अनुत्तीर्ण")

साखळीत वरून खाली वाचताना जी अट सर्वांत आधी खरी ठरते तेवढीच शाखा चालते आणि बाकीच्या अटी तपासल्याही जात नाहीत; एकही अट खरी नसेल तर एल्सची शाखा चालते. त्यामुळे दुसऱ्या ओळीपर्यंत पोहोचलेला आकडा 75 पेक्षा लहान आहे हे आपोआप ठरलेले असते, आणि वरची मर्यादा पुन्हा लिहायची गरज उरत नाही. सीमारेषा एकदाच लिहिली गेल्यामुळे दोन अटींच्या मध्ये फट पडूच शकत नाही. मात्र आता क्रमाला अर्थ आला, हे विसरू नये. 35 ची अट सर्वांत वर लिहिली, तर 95 टक्के मिळवणाऱ्या मुलीलाही केवळ ‘उत्तीर्ण’ हाच शेरा मिळेल.

तपासताना 82, 50, 20 असे मधले आकडे देऊन समाधान मानू नका. अटींमधल्या चुका बहुधा सीमेवरच लपलेल्या असतात. 75, 74.8, 60, 59.8, 45, 44.8, 35, 34.8 आणि शिवाय 0 व 100 हे आकडे देऊन पाहा. 1957 मध्ये आयबीएमने आणलेल्या पहिल्या फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषेत इफला तीन वाटा असत : राशी ऋण असेल तर एक, शून्य असेल तर दुसरी आणि धन असेल तर तिसरी. ती रचना आज जुनी झाली आहे, तरी बरोबरीचे काय करायचे हे सांगितल्याशिवाय तिथे पुढे जाताच येत नसे, आणि हा तिचा गुण मला फार मोलाचा वाटतो. आज > आणि >= यांतून निवड करताना तोच निर्णय आपण घेत असतो, फक्त नकळत घेतो.


उत्तर 2 : वीजबिल_ते_कोड

वरील उत्तर निकालाच्या प्रोग्रामपुरते पूर्ण बरोबर आहे. पण ‘सगळीकडे एलिफ वापरावे’ हा तुमच्या मैत्रिणीचा सल्ला नियम म्हणून स्वीकारू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण पुढच्याच उदाहरणात तो तुम्हाला अडचणीत आणेल. ते उदाहरण बहुधा वीजबिलाचे असेल. प्रोग्रामिंगच्या जवळपास प्रत्येक सराव वहीत ते असतेच.

महावितरणच्या घरगुती बिलात 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या वर असे युनिटांचे टप्पे असतात. खरे दर वेळोवेळी बदलतात, म्हणून इथे समजुतीसाठी तीनच टप्पे घेऊ आणि दर युनिटला 4, 8 आणि 12 रुपये मानू. 320 युनिट वापर झाला तर अनेक विद्यार्थी एलिफच्या साखळीतून ‘300 च्या वर’ ही शाखा शोधतात आणि 320 ला 12 ने गुणून 3840 रुपये असे उत्तर लिहितात. ते चूक आहे. पहिल्या 100 युनिटांना 4 रुपयांनी 400, पुढच्या 200 युनिटांना 8 रुपयांनी 1600 आणि उरलेल्या 20 युनिटांना 12 रुपयांनी 240, असे मिळून बिल 2240 रुपये होते. चुकीच्या पद्धतीत 300 युनिटांचे बिल 2400 आणि 301 युनिटांचे 3612 रुपये येईल, म्हणजे एका जादा युनिटासाठी ग्राहकाला 1212 रुपये जास्त भरावे लागतील. असा प्रोग्राम एररशिवाय चालतो, म्हणूनच तो अधिक घातक असतो.

इथे ग्राहक कोणत्याही एकाच टप्प्यात बसत नाही. त्याचा वापर सगळ्या टप्प्यांतून वर चढत जातो. म्हणून स्वतंत्र इफच योग्य ठरतात :

बिल = 0
इफ युनिट > 300:
    बिल = बिल + (युनिट - 300) * 12
    युनिट = 300
इफ युनिट > 100:
    बिल = बिल + (युनिट - 100) * 8
    युनिट = 100
बिल = बिल + युनिट * 4

कागदावर 320 घेऊन एकेक ओळ चालवून पाहा. पहिल्या इफमध्ये 240 रुपये जमा होतात आणि युनिट 300 उरतात. दुसऱ्यात 1600 जमा होतात आणि युनिट 100 उरतात. शेवटच्या ओळीत 400 मिळवले की 2240 होतात. आता दुसऱ्या इफच्या जागी एलिफ लिहा. पहिली शाखा चालल्यामुळे दुसरी वगळली जाईल, 300 च्या 300 युनिटांना 4 रुपयांचा दर लागेल आणि बिल 1440 रुपयांवर येईल.

तेव्हा तुम्ही विचारलेला ‘ठरवायचे कसे’ हा प्रश्न कोड लिहिण्यापूर्वी, शुद्ध मराठीत स्वतःला असा विचारावा : या पर्यायांपैकी एकच लागू होऊ शकतो, की एकाच वेळी अनेक लागू होऊ शकतात? श्रेणी एकच मिळते, म्हणून साखळी. टप्पे सगळे लागू होतात, म्हणून स्वतंत्र इफ. प्राप्तिकराची आकारणीही टप्प्याटप्प्यांनीच होते, त्यामुळे ती करतानाही हाच विचार उपयोगी पडेल.


पायथन_नवशिकी

दोघांचेही मनापासून आभार. वीजबिलाचे उदाहरण कागदावर करून पाहिले आणि फरक स्पष्ट कळला. आता बाईंनी निकालाच्या प्रोग्राममध्ये आणखी एक नियम वाढवला आहे : एकूण टक्केवारी कितीही असली, तरी प्रत्येक विषयात किमान 35 गुण असलेच पाहिजेत. मी असे लिहिले :

इफ मराठी अँड इंग्रजी अँड गणित >= 35:

(विषय पाच आहेत, इथे तीनच लिहिले.) मराठीत 0 गुण देऊन तपासले तेव्हा अनुत्तीर्ण आले, म्हणून अट बरोबर आहे असे वाटले. पण मराठीत 12 गुण दिले तर मुलगा उत्तीर्ण होतो. 0 ला बरोबर आणि 12 ला चूक, हे कसे?


उत्तर 3 : संगणक_शिक्षिका

आपण बोलताना ‘मराठी, इंग्रजी आणि गणितात 35 च्या वर’ म्हणतो तेव्हा ऐकणारा ‘35 च्या वर’ हे तिन्ही विषयांना लावून घेतो. पायथन तसे लावत नाही. तुलनेचे चिन्ह अँडपेक्षा आधी सोडवले जाते, त्यामुळे तुमच्या ओळीचा अर्थ होतो : ‘मराठी’ खरे आहे का, ‘इंग्रजी’ खरे आहे का, आणि गणित 35 किंवा अधिक आहे का? पायथनमध्ये शून्य ही संख्या असत्य मानली जाते आणि शून्येतर प्रत्येक संख्या सत्य मानली जाते. म्हणून 0 गुणांना तुमची अट योगायोगाने बरोबर वागली आणि 12 गुण ‘सत्य’ म्हणून पुढे गेले. तुलना प्रत्येक विषयासाठी स्वतंत्र लिहायला हवी :

इफ मराठी >= 35 अँड इंग्रजी >= 35 अँड गणित >= 35:

हीच चूक ऑरच्या (‘किंवा’च्या) बाबतीत आणखी फसवी असते. ‘पर्याय == 1 ऑर 2’ असे लिहिले तर ती अट नेहमीच खरी ठरते, कारण ऑरच्या उजवीकडे एकटा 2 उभा आहे आणि 2 कधीच असत्य नसतो.

उलट बाजूने, अनुत्तीर्ण कोण हे लिहायचे झाले तर केवळ >= च्या जागी < लिहून भागत नाही; अँडचा ऑरही करावा लागतो : मराठी < 35 ऑर इंग्रजी < 35 ऑर गणित < 35. बारावीच्या गणितात तर्कशास्त्राच्या प्रकरणात तुम्ही डी मॉर्गनचे नियम शिकला असाल, ते नेमके इथे कामाला येतात. (ऑगस्टस डी मॉर्गन यांचा जन्म 1806 मध्ये मदुराईला झाला होता, वर्गात हे सांगितले की मुलांना तो नियम जरा जवळचा वाटतो असा माझा अनुभव आहे.)

आणि आता तुमच्या वर्गमित्राने सुचवलेल्या इफच्या पोटातल्या इफला खरी जागा मिळाली. सर्व विषयांत उत्तीर्ण आहे का, हा बाहेरचा प्रश्न. त्याचे उत्तर ‘हो’ असेल तरच श्रेणी कोणती, हा आतला प्रश्न अर्थपूर्ण होतो. म्हणून बाहेरच्या इफमध्ये विषयांची अट लिहा, श्रेणीची एलिफ साखळी त्याच्या आत ठेवा आणि बाहेरच्या एल्समध्ये ‘अनुत्तीर्ण’ छापा. प्रत्येक विषयात 35 असतील तर सरासरी 35 च्या खाली येऊच शकत नाही, त्यामुळे आतल्या साखळीत शेवटचा एलिफ काढून ‘उत्तीर्ण’ थेट एल्समध्ये घातला तरी चालेल. दुसऱ्या प्रश्नाचा अर्थ पहिल्याच्या उत्तरावर अवलंबून नसताना मात्र इफ आत ढकलू नका. चार पातळ्या आत गेलेला कोड वाचताना कोणता एल्स कोणाचा हे शोधण्यातच वेळ जातो.


उत्तर 4 : सी_भाषेकडून

पुढच्या सत्रात सी भाषा येणार असेल, तर दोन गोष्टी आताच लक्षात ठेवाव्यात.

पायथनमध्ये ‘45 <= टक्के < 60’ असे गणितासारखे लिहिता येते आणि ते बरोबर चालते. सीमध्ये हीच ओळ कंपाइल होते, म्हणजे चूक न दाखवता स्वीकारली जाते, परंतु तिचा अर्थ वेगळा असतो. तिथे आधी ‘45 <= टक्के’ सोडवले जाते, त्याचे उत्तर 0 किंवा 1 येते आणि मग त्या 0 किंवा 1 ची 60 शी तुलना होते. दोन्ही आकडे 60 पेक्षा लहानच असल्यामुळे अट कायम खरी ठरते आणि 20 टक्क्यांनाही द्वितीय श्रेणी मिळते. सीमध्ये दोन तुलना वेगळ्या लिहून त्या && ने जोडाव्या लागतात.

दुसरी गोष्ट महिरपी कंसांची. पायथनमध्ये ओळ किती आत सरकवली आहे यावरून ती कोणत्या इफखाली येते हे ठरते; सीमध्ये आत सरकवलेली ओळ केवळ दिसायला आत असते, आणि कंस नसतील तर इफच्या ताब्यात फक्त पुढचे एकच विधान येते. फेब्रुवारी 2014 मध्ये ॲपलला आयफोन, आयपॅड आणि मॅक यांच्यासाठी तातडीची सुरक्षा दुरुस्ती द्यावी लागली ती याच कारणाने. सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या कोडमध्ये एका इफखाली ‘गोटू फेल’ (‘फेल’ या खुणेपाशी उडी मार) ही ओळ चुकून दोनदा आली होती. पहिली ओळ अटीखाली होती. दुसरी दिसायला तिच्या सरळ रेषेत असली, तरी अटीच्या बाहेर होती, म्हणून ती प्रत्येक वेळी चालत असे आणि त्यानंतरची सहीची तपासणी वगळून सर्व काही ठीक असल्याचे उत्तर परत जात असे. इफखाली एकच विधान असले तरी सीमध्ये महिरपी कंस घालण्याचा आग्रह तुमचे शिक्षक धरतील, तो या कारणासाठी.