शिकवणीच्या मुलांना रद्दी वेगळी ठेवण्याची सवय कशी लावावी?

प्रश्न (लातूर): आमच्या गल्लीत शिकवणीसाठी बाहेरगावाहून आलेली अकरावी-बारावीची बरीच मुले राहतात आणि त्यांच्या सरावपत्रिकांचे गठ्ठे उष्ट्या अन्नासोबत थेट घंटागाडीत जातात. उपदेश केला की ती मान डोलावतात, इतकेच. काय करावे?

उत्तर (परभणी): उपदेश सोडा आणि व्यवहार त्यांच्या हाती द्या. रद्दीवाल्याशी भाव ठरवणे, वजन करून घेणे आणि आलेले पैसे कशावर खर्च करायचे, हे सारे मुलांकडेच असू द्यावे.

उत्तर (बीड): सहमत आहे, परंतु विज्ञान शाखेच्या मुलांना त्यामागचे शास्त्रही सांगावे: कागदाचा पुन्हा लगदा करताना प्रत्येक फेरीत तंतू आखूड होत जातात, म्हणून ते साधारण ५ ते ७ वेळाच वापरता येतात, आणि तेलकट किंवा प्लॅस्टिकचा थर असलेला कागद त्यात चालत नाही. (वडापावचा कागद गठ्ठ्यात हमखास सापडतो!)

उत्तर (नांदेड): त्याआधी पाठकोरे कागद बाजूला काढून त्यांच्या कच्च्या वह्या शिवून घ्याव्यात; आकडेमोडीला त्या उत्तम. पावसाळ्यात मात्र गठ्ठे गच्चीवर ठेवू नयेत, भिजलेली रद्दी रद्दीवाला सहसा घेत नाही.