रजेवरच्या शिक्षकाच्या जागी बदली शिक्षक का मिळत नाही?

कुर्ला_पालक:
बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या की वर्ग सहा महिने प्रॉक्सीवर. सत्ताधारी म्हणतात पट घसरला, शिक्षक उलट अतिरिक्त आहेत. विरोधक म्हणतात भरती अडवली. संस्थाचालकांच्या मते टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास उमेदवारच मिळत नाहीत. खरे काय? शाळा व्यवस्थापन समितीने कोणते कागद मागावेत?

संचमान्यता:
अतिरिक्त शिक्षक आणि रिकामा वर्ग एकाच वॉर्डात असू शकतात. मंजूर पदे 30 सप्टेंबरच्या पटावर ठरतात (यालाच संचमान्यता म्हणतात), रजेवर कोण जाणार हे त्या हिशेबात येत नाही. पहिली ते पाचवीचा पट 61 ते 90 असेल तर शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तीन शिक्षक. त्यातली एक 180 दिवसांच्या प्रसूती रजेवर, एक बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या कामाला. उरला एक, इयत्ता पाच. दोन्ही पदे कागदावर भरलेली, म्हणून ‘रिक्त’च्या रकान्यात शून्य. सभागृहातली भांडणे याच रकान्यावरून चालतात, हे मला फार खटकते.

डीएड_बीएड:
पण भरतीचा मुद्दा हलका करू नका. 2 मे 2012 च्या शासन निर्णयाने नवी भरती थांबली, तेव्हा आघाडी होती. युतीच्या काळात 2017 मध्ये शिक्षक भरतीचे पवित्र पोर्टल आले, डिसेंबरात अभियोग्यता चाचणी झाली. पुढची थेट 2023 मध्ये. मधली अडीच वर्षे महाविकास आघाडीची. एवढी वर्षे ताटकळलेला उमेदवार सहा महिन्यांच्या जागेसाठी विरारहून रोज का येईल? नियमित निवड झालेल्या शिक्षणसेवकालाही (सुरुवातीला मानधनावर असलेला शिक्षक) प्राथमिकला 16,000 मानधन मिळते. शिवाय पवित्रमधली निवड 200 गुणांच्या चाचणीवर होते, बदलीवर शिकवल्याचे गुण तिथे धरत नाहीत. निवृत्तांना 20,000 वर घेण्याचा जुलै 2023 चा निर्णय जिल्हा परिषद शाळांसाठी होता, आणि मुंबईत जिल्हा परिषदच नाही.

कलम_27:
कागदांचे सांगतो. माहिती अधिकाराचा अर्ज, शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. अनुदानित माध्यमिक शाळा असेल तर आपल्या विभागाचे शिक्षण निरीक्षक, पालिकेची किंवा अनुदानित प्राथमिक असेल तर पालिकेचा शिक्षण विभाग. चालू संचमान्यतेची प्रत, मंजूर व कार्यरत पदे, तारखांसह रजेवरचे शिक्षक आणि निवडणूक कामाचे आदेश मागा. नुसते ‘रिक्त पदे किती’ विचाराल तर शून्य लिहून येईल.

पद खरेच रिक्त असेल तर शिक्षण हक्क कायद्याचे कलम 26 पाहा: रिक्त पदांची मर्यादा मंजूर पदांच्या 10 टक्के. तीन शिक्षकांच्या शाळेत एक जागा रिकामी म्हणजे 33 टक्के. कलम 27 निवडणूक कामाला मुभा देते, पण मतदार यादीचे काम सुट्टीच्या आणि शिकवणे नसलेल्या दिवशीच द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये सांगितले आहे. आदेशातले वार आणि वेळ तपासा.

कुर्ला_पालक:
शाळेच्या वेळातच निघाले तर?

कलम_27:
त्याच कायद्याच्या कलम 32 खाली पालिकेकडे लेखी तक्रार, सोबत समितीचा ठराव आणि बुडालेल्या तासांचा तक्ता. निर्णय तीन महिन्यांत द्यावा लागतो. तक्ता मात्र आजपासूनच ठेवा, मागाहून तारखा जुळत नाहीत.