विषय: तातडीचे – शनिवार, माँट्रियल – नानांच्या सुबारू एसटीआय गाडीसाठी हिवाळी टायर

प्रेषक: नाना (कोथरूड, पुणे)

सप्रेम नमस्कार.

मंडळाची व्हॅन गीअरबॉक्सच्या दुखण्याने पुन्हा गॅरेजात गेली आहे आणि शनिवारच्या संक्रांतीच्या कार्यक्रमासाठी ध्वनिक्षेपक, पेटी व तबल्याची जोडी माँट्रियलला पोहोचवायची आहे. मिसिसॉगाच्या आमच्या इमारतीच्या तळघरात माझी २०१६ ची सुबारू एसटीआय आम्ही पुण्याला आल्यापासून उभीच आहे. ती माझ्या भाच्याने न्यावी, असे मी सुचवतो. गाडी चारही चाकांनी ओढणारी असल्याने बर्फाची चिंता नसावी. मात्र तिला उन्हाळी टायर आहेत (२४५/४०, १८ इंची) आणि सचिवांनी काल फोनवर त्याला हरकत घेतली. कोणाकडे रिमांवर चढवलेले चार हिवाळी टायर पडून असतील, तर गुरुवारपर्यंत कळवावे. साडेदहा तासांच्या फरकामुळे माझे उत्तर तुमच्या रात्री येईल.

प्रेषक: तात्या (ब्रॅम्प्टन)

नाना, माझ्या २०११ च्या सुबारू डब्ल्यूआरएक्सची १७ इंची हिवाळी चाके गॅरेजात तशीच आहेत. गाडी विकली, घेणाऱ्याला ती नको होती. चाके सुबारूचीच आहेत, पाच नटांचीच आहेत, तेव्हा बसायला अडचण नसावी. फक्त ती गणपतीच्या मखराच्या मागे आहेत आणि मखर हलवायला दोन माणसे लागतील. मखर मंडळाचे असून ते गेली कित्येक वर्षे माझ्याच गॅरेजात का आहे, हा प्रश्न मी याआधीही विचारला आहे.

प्रेषक: अण्णा (पौड रस्ता, पुणे)

तात्या, चाके बसणार नाहीत. आपल्या डब्ल्यूआरएक्सचे पाच नट १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर आहेत आणि एसटीआयचे ११४.३ मिलिमीटरच्या. कंपनी एक, नटांची संख्या एक, तरी चाक हबवर, म्हणजे आसाच्या टोकावरच्या बैठकीवर, चढणारच नाही, आणि कोणी हातोडीने चढवण्याचा विचार करत असेल तर तो आत्ताच सोडावा.

दुसरे असे की, नुसते मागचे किंवा नुसते पुढचे दोन टायर बदलून वेळ मारून नेऊ, हा विचारही मनात आणू नये. या गाडीत पुढचा आणि मागचा आस मधल्या डिफरन्शियलने, म्हणजे दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या दंतचक्रांनी, जोडलेला असतो. चारही टायरांच्या परिघात पाव इंचापेक्षा, म्हणजे साधारण ६ मिलिमीटरपेक्षा, अधिक फरक नसावा, असे सुबारूच सांगते. फरक मोठा राहिला तर ते डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही सतत घासत राहते आणि त्याच्या दुरुस्तीचा खर्च चार नव्या टायरांच्या कितीतरी पट होतो.

प्रेषक: सचिव

सर्वांस नम्र स्मरण, की सामानाची वाहतूक कोणत्या वाहनाने व्हावी याचा निर्णय वाहतूक समिती घेते. नानांनी गाडी देऊ केली याबद्दल समिती आभारी आहे, पण क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत, त्यामुळे सध्याच्या अवस्थेत ती गाडी सीमेपलीकडे नेता येणार नाही. पुण्यातून लिहिणाऱ्या ज्येष्ठांविषयी पूर्ण आदर राखून हेही नमूद करते, की पुण्याचा आजवरचा नीचांक १.७ अंश आहे आणि तोही १९३५ सालचा. आज सकाळी येथे उणे १४ होते.

प्रेषक: माई (ऑटवा)

सचिवांच्या मेलमधील कायद्याची बाब दुरुस्त करते, कारण मी बरीच वर्षे माँट्रियलमध्ये काढली आहेत. ती सक्ती क्वेबेकमध्ये नोंदलेल्या गाड्यांना आणि तेथे भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाड्यांना आहे. ओंटारिओच्या पाटीची गाडी त्यात येत नाही आणि ओंटारिओत अशी सक्ती नाही. येथे २०१६ पासून विमा कंपन्यांना हिवाळी टायरांसाठी हप्त्यात सवलत द्यावी लागते, एवढेच. मात्र दंड होणार नाही म्हणून उन्हाळी टायरांवर जावे, असा याचा अर्थ कोणी काढू नये.

आमच्या शेजारी अशीच एक दणकट जर्मन गाडी होती, चारही चाकांनी ओढणारी. पहिल्या बर्फाच्या सकाळी ती चढावरच्या ड्राइव्हवेतून अशी सुटली, की रस्ता कोरडाच वाटावा. पन्नास पावलांवर स्टॉपचा फलक होता. फलक ओलांडून, चौक ओलांडून ती समोरच्या घराच्या कुंपणात थांबली. वेग फारसा नव्हताच. निघताना चाक जरासुद्धा न फिरल्यामुळे खाली काय आहे, याचा चालवणाऱ्याला पत्ताच लागला नाही.

प्रेषक: नाना (कोथरूड, पुणे)

माईंच्या शेजाऱ्याला गाडी चालवता येत नव्हती, त्याला आपण काय करणार? आउडीने १९८६ साली फिनलंडमध्ये कायपोला येथे स्कीच्या उडीसाठी बांधलेल्या उतारावर आपली चारही चाकांनी ओढणारी क्वाट्रो गाडी खालून वर चढवून दाखवली होती. साडेसदतीस अंशांचा चढ होता आणि पूर्ण बर्फ होता. चारही चाकांच्या ओढीत अर्थ नसता, तर हे झाले असते काय? मी स्वतः भर पावसात ताम्हिणी आणि वरंध दोन्ही घाट चालवलेले आहेत.

प्रेषक: अण्णा (पौड रस्ता, पुणे)

नाना, त्या गाडीच्या टायरांना खिळे होते. खिळ्यांचे टायर दक्षिण ओंटारिओत चालत नाहीत, तेव्हा तो दाखला येथे गैरलागू आहे. शिवाय ती गाडी वर चढली. खाली येऊन कोठे थांबली, हे त्या जाहिरातीत कोणी विचारले नाही.

एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेतून निवृत्त झालो असलो, तरी साधे गणित अजून येते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाताना ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर, कोरड्या डांबरावर घर्षणांक (टायर आणि रस्ता यांच्यातल्या पकडीचे माप) ०.८ धरल्यास सुमारे १२ मीटर येते. दाबून बसलेल्या बर्फावर ०.२५ धरल्यास सुमारे ४० मीटर येते. आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर ०.१ धरल्यास सुमारे १०० मीटर येते. या गणितात इंजिन किती चाकांना जोडले आहे, हा आकडा कोठेच येत नाही. ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात. फरक पडतो तो घर्षणांकाने, आणि तो बदलण्याची आपल्या हातातली एकमेव वस्तू टायर आहे. उन्हाळी टायरचे रबर ७ अंशांच्या खाली कडक होऊ लागते. उणे ७ च्या खाली तर त्याला तडे जाण्याची भीती असते, म्हणून अशा थंडीत गाडी हलवूच नये, असे टायर बनवणारेच सांगतात.

म्हणजे टायर बदलायला दुकानापर्यंत गाडी कशी न्यायची, हाही प्रश्न आहे. त्यावर अजून कोणी बोललेले नाही.

प्रेषक: तात्या (ब्रॅम्प्टन)

दुकान तळघरापासून सहा किलोमीटरवर आहे. तळघर गरम असते, टायर गरम राहतील, सकाळी लगेच निघावे. एवढ्याने काय तडे जातात!

प्रेषक: सचिव

तात्या, इमारतीबाहेरच्या उतरणीवर पहाटेपासून बर्फ आहे. सहा किलोमीटर लांबच राहिले, पहिल्या साठ मीटरचे बोला. घरी येऊन टायर बदलून देणारे लोक आहेत. मी चौकशी करते. मात्र तळघरात कोणतेही काम करण्यास इमारतीच्या कार्यालयाची लेखी परवानगी लागते आणि ती नानांच्या सहीनेच मिळेल. भाच्याचे नाव विम्यात चालक म्हणून घातले आहे काय, तेही नानांनी कळवावे.

प्रेषक: भाचा (मिसिसॉगा)

नमस्कार. विम्याचे काम मामांनी कालच केले आहे. मी ऑगस्टमध्ये पुण्याहून आलो आणि येथील पहिलाच हिवाळा आहे, हे सर्वांना माहीत आहे. गाडीत मधल्या डिफरन्शियलचे एक बटण आणि इंजिनाचा प्रतिसाद बदलणारी एक गोल कळ आहे. दोन्ही कोठे ठेवायचे, ते कोणी सांगेल काय? मामा म्हणतात, डिफरन्शियल पूर्ण लॉक करून जा.

प्रेषक: माई (ऑटवा)

बाळा, लॉक करून मुळीच जाऊ नकोस. नेहमी या गाडीची ताकद पुढे ४१ आणि मागे ५९ अशा प्रमाणात जाते आणि गरजेप्रमाणे गाडी स्वतःच ते बदलते. म्हणून ते बटण ऑटोवर राहू दे. पूर्ण लॉक केल्यावर पुढचा-मागचा आस एकाच गतीने फिरतो, आणि वळणावर गाडीचे नाक आत न वळता सरळ बाहेर जाऊ लागते. लॉकचा उपयोग बर्फ हटवणाऱ्या नांगराच्या गाडीने टाकलेल्या बर्फाच्या ढिगातून गाडी बाहेर काढण्यापुरता. गोल कळ इंटेलिजेंटवर ठेव, म्हणजे अॅक्सिलरेटर मवाळ होईल.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी, टायर बदलून झाल्यावर, आइस हॉकीच्या मैदानाबाहेरच्या मोठ्या रिकाम्या पार्किंगमध्ये जा आणि ताशी तीसला ब्रेक पूर्ण दाबून बघ. पायाखाली पेडल थरथरेल, खडखड आवाज येईल. पाय उचलायचा नाही. किती लांब जाऊन गाडी थांबते, ते उतरून चालत मोजून ये. मी गाडी हाती दिलेल्या प्रत्येकाला हे करायला लावते.

महामार्गावर या गाडीचा खरा धोका टर्बोत, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबणाऱ्या यंत्रात, आहे. दोन लेनच्या मधोमध बर्फाच्या चिखलाचा वरंबा साचलेला असतो. पुढच्या ट्रकला ओलांडायला तू लेन बदलतोस, अॅक्सिलरेटर दाबतोस, क्षणभर काहीच होत नाही आणि नेमकी चाके वरंब्यावर असताना सगळी ताकद एकदम येते. म्हणून लेन बदलण्याआधी वरचा गिअर टाक, इंजिनाच्या फेऱ्या कमी ठेव, वरंबा हलक्या पायाने पार कर आणि मग वेग घे. ट्रक ओलांडणे अडले तर अडू दे. नाक घसरले तर पाय हलका करून स्टिअरिंग थोडे सैल कर, अधिक वळवू नकोस. पुढच्या टायरांनी पकड धरेपर्यंत थांबावे लागते. मागची बाजू सुटली तर जिकडे जायचे आहे तिकडे बघ आणि तिकडेच चाके वळव, ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावू नकोस. क्रूझ कंट्रोल बंद.

उणे २० ला घाबरू नकोस, शून्याच्या आसपास घाबर. शून्याजवळ बर्फावर पाण्याचा पापुद्रा असतो आणि तो सर्वांत निसरडा. उलट उणे दहा-बाराच्या खाली रस्त्यावरचे मीठ फारसे काम करत नाही, तेव्हा रस्ता पांढरा दिसला म्हणून मीठ पडले आहे, असे धरू नये. पूल आधी गोठतात, खालूनही वारा लागतो म्हणून. आणि या गाडीचे एलईडी दिवे गरम होत नाहीत. त्यांच्यावर बर्फाचा थर चढतो आणि उजेड कमी झाल्याचे आतून कळत नाही, म्हणून किंग्स्टन आणि कॉर्नवॉलला थांबून हाताने पुसून घे.

प्रेषक: नाना (कोथरूड, पुणे)

इमारतीच्या कार्यालयाला सहीचे पत्र पाठवले आहे. दिवे मी कधी पुसले नाहीत आणि मला काही झाले नाही.

प्रेषक: तात्या (ब्रॅम्प्टन)

आमच्या इथल्या टायरवाल्याकडे २४५/४० चे चार हिवाळी टायर आहेत, बाजूला तीन शिखरे आणि हिमकणाचे, म्हणजे खऱ्या हिवाळी टायराचे, चिन्ह असलेले. मी स्वतः पाहिले. नुसते एम आणि एस लिहिलेले त्याने दाखवले होते, ते मी घेतले नाहीत. नानांच्याच रिमांवर तो तळघरात येऊन हातानेच चढवून देईल, पण चाकांचा तोल पाहण्याचे यंत्र तेथे आणता येणार नाही, म्हणून नंतर गाडी त्याच्या दुकानात न्यावी लागेल. तोपर्यंत हिवाळी टायर चढलेले असतील, तेव्हा अण्णांची हरकत नसावी.

प्रेषक: अण्णा (पौड रस्ता, पुणे)

हरकत नाही. नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच, म्हणजे तेवढ्याच पिळाच्या जोराने, आवळावेत आणि शंभरेक किलोमीटर गेल्यावर पुन्हा तपासावेत. हवा थंड टायरात, बाहेरच्या तापमानाला भरावी; तळघरात भरलेली बाहेर आल्यावर कमी दाखवेल.

प्रेषक: सचिव

समितीने तात्यांच्या टायरवाल्यास होकार कळवला आहे. टायरांचा खर्च नानांचा, कारण टायर त्यांच्याकडेच राहणार आहेत. बसवण्याची मजुरी मंडळाची. भाचा शनिवारी पहाटे न निघता शुक्रवारी सकाळी नऊला निघेल, कारण अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि कॉर्नवॉलच्या पुढचा पट्टा त्याने उजेडात पार करावा, अशी माईंची सूचना समितीने मान्य केली आहे. शुक्रवारी गोठणाऱ्या पावसाचा इशारा आला, तर गाडी निघणार नाही. १९९८ च्या जानेवारीतला पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना कारण सांगावे लागणार नाही. तसे झाल्यास भाचा पेटी व तबला घेऊन रेल्वेने येईल आणि ध्वनिक्षेपक माँट्रियलकरांनी भाड्याने घ्यावा.

पेटी डिकीत ठेवू नये, मागच्या आसनावर पट्ट्याने बांधावी. मखराचा विषय पुढच्या बैठकीत घेऊ.