मदत हवी आहे: ऊसतोडीला आलेल्या एचआयव्हीबाधित बाईचं वजन घटतंय, गोळ्या, खाणं आणि रेशन कसं जुळवायचं?

गोदाकाठ
बीड जिल्ह्यातून सांगलीकडे तोडीला आलेली विधवा, वय ३४, सोबत लहान मुलगा. एचआयव्हीवरची टीएलडीची (टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन, डोल्युटेग्राविर ही तीन औषधं एकत्र) रोज एक गोळी चालू आहे. उंची १५२ सेंमी. दिवाळीत वजन ४३ किलो होतं, आता ३८. पहाटे चारला उठून फडात. बरोबर दोन भाकऱ्या नि ठेचा. डाळ आठवड्यातून दोनदा. उपाशी पोटी गोळी उष्ण पडते असं कुणीतरी डोक्यात भरवलंय, त्यामुळे खायला नसेल त्या दिवशी गोळीच घेत नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्याही आहेत. रेशन कार्ड गावाकडे. टोळीत कुणाला आजार माहीत नाही आणि तो कळू द्यायचा नाही. सुरुवात कुठून करू?

हुलगा
ताई, सुरुवात टीबीच्या तपासणीपासून. वजन ११ टक्क्यांहून जास्त उतरलंय, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) १६.४ आहे. खाणं कमी पडतंय हे उघडच आहे, पण सगळं खापर त्यावर फोडू नका. खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं, यातलं एक जरी असलं तरी एचआयव्हीत टीबी तपासायचा. बेडका ट्रूनॅट किंवा सीबीनॅट या टीबीच्या चाचणीला द्या. टीबी निघाला तर त्यावरच्या रिफाम्पिसिन या औषधामुळे डोल्युटेग्राविरचं रक्तातलं प्रमाण घसरतं. म्हणून टीएलडीनंतर १२ तासांनी डोल्युटेग्राविरची ५० मिग्रॅची आणखी एक गोळी लागते, ती एआरटी सेंटर (एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र) देतं. गोळ्या चुकल्याचंही सेंटरला स्पष्ट सांगा, म्हणजे व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) बघतील.

आता गोळ्यांचं. टीएलडीला जेवण लागत नाही. नुसत्या पाण्याबरोबर चालते. ही एक गोष्ट तिच्या गळी उतरली तरी निम्मं काम झालं. खरी गडबड लोह-कॅल्शियमने होते: रिकाम्या पोटी ते टीएलडीबरोबर घेतले तर डोल्युटेग्राविर त्यांना चिकटतं आणि आतड्यातून नीट शोषलं जात नाही. म्हणून टीएलडी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. हिच्या दिवसात असं बसेल: पहाटे चारला उठल्या उठल्या टीएलडी, लोहाची गोळी अकराच्या न्याहारीनंतर (लगेच चहा नको), कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर. ॲसिडिटीच्या पातळ औषधालाही तेच अंतर, आणि ते जेवणाबरोबर घेतलं तरी सूट नाही.

अंगदुखीवर मेडिकलमधून डायक्लोफेनॅक घेते का, विचाराच. फडात ते सर्रास चालतं, आणि टेनोफोविरबरोबर रोज घेतलं तर किडनीवर येतं.

पिवळी ज्वारी
खाण्याबद्दल. जड काम करणाऱ्या ५५ किलोच्या बाईला आयसीएमआर-एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने २७२० किलोकॅलरी लागतात. लक्षणं नसलेल्या एचआयव्हीत गरज साधारण दहा टक्के वाढते, ताप-जुलाब असतील तर वीस ते तीस. हिचं वजन कमी, तेव्हा आकडा थोडा खाली येईल. पण दोन भाकऱ्या म्हणजे जेमतेम साडेचारशे! प्रोटीन पावडरचे डबे कुणी सुचवतील, त्यात पैसे घालू नका.

पालात पातेलं एकच असतं, तेव्हा वेगळा स्वयंपाक सांगून उपयोग नाही. ५० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे नि २५ ग्रॅम गूळ रुमालात बांधून द्या: पावणेचारशे कॅलरी, बारा ग्रॅम प्रथिनं, आणि फडात उभ्याउभ्या खाता येतं. बुरशी आलेला, कडवट दाणा टाकूनच द्यायचा. रात्रीच्या कालवणात दोन चमचे तेल वाढवलं की नव्वद कॅलरी. डाळ किंवा मटकी रोज मूठभर, पण मोड आलेली कच्ची नको. अंडं परवडेल तेव्हा, पूर्ण उकडून. पिण्याचं पाणीही उकळूनच.

मिश्री लावत असेल तर आधी तिच्याकडे बघा. तंबाखूने भूक मरते. पहाटे मिश्री नि चहा झाला की दुपारपर्यंत पोट बोलतच नाही. तोंडात पांढरा थर, गिळताना दुखणं असेल तर ठेचा बंद आणि डॉक्टर. त्यावर औषध आहे, उगाच सोसू नये.

रात्रपाळी
रेशनसाठी कार्ड गावाहून मागवायची गरज नाही. वन नेशन वन रेशन योजनेत (देशात कुठल्याही दुकानात रेशन) कार्डाचा क्रमांक किंवा आधार सांगून कारखान्याजवळच्या दुकानात ई-पॉस मशीनवर अंगठा लावायचा. घरचे कुणी गावात असतील तर हिने वाट्यापुरतं इथं उचलावं, बाकीचं ते तिथं उचलतील. ई-केवायसी (कार्डाची आधारशी पडताळणी) मात्र झालेली हवी, अडतं ते तिथंच.

कार्ड प्राधान्य कुटुंबाचं असेल तर माणशी ५ किलो म्हणजे दोघांना १०. अंत्योदय असेल तर कुटुंबाला ३५ किलो. विधवा कुटुंबप्रमुख अंत्योदयच्या निकषात बसते. संजय गांधी निराधार योजनेतही (महिना १५०० रुपये, वार्षिक उत्पन्न २१ हजारांपर्यंत) एड्सग्रस्तांसाठी वेगळा गट आहे, पण मी तो वापरणार नाही. विधवा म्हणून अर्ज करा: नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा नि रहिवासाचा दाखला. तलाठ्यापासून तहसीलपर्यंत आजाराचा शब्दही निघत नाही.

गोदाकाठ
टीबीची तपासणी आणि रेशन याच आठवड्यात लावते. डबीचं काय करू? शेजारणी विचारतात म्हणून ती गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून ठेवते.

हुलगा
पुडी नको, गोळीला ओल लागते. डबीवरचं लेबल सोलून टाका. गोळ्या त्याच डबीत, आतली ओलावा शोषणारी पुडी तशीच, झाकण घट्ट. पहाटेची गोळी राहिली तर आठवेल तेव्हा घ्यायची. पुढच्या गोळीला चार तासांहून कमी उरले असतील तरच ती सोडायची. आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, गावाकडच्या सेंटरची वाट बघू नका, कारखान्याजवळच्या एआरटी सेंटरवर दाखवा. सेंटर जवळचं कुठलं ते १०९७ या एचआयव्हीच्या हेल्पलाइनवर फुकट कळेल.