मदत हवी आहे: डिस्कॉर्ड बॉटची '!गाऱ्हाणं' कमांड निम्म्या पोरांना चालते, निम्म्यांना नाही

आमच्या हॉस्टेलचा डिस्कॉर्ड (गप्पांचं अ‍ॅप) सर्व्हर आहे, त्यासाठी पायथनमध्ये छोटा बॉट, म्हणजे आपोआप उत्तर देणारा प्रोग्राम, लिहिलाय. '!मेस' टाकलं की आजचा मेनू, '!पाणी' टाकलं की टाकी कधी भरणार ते, आणि '!गाऱ्हाणं' टाकून पुढे तक्रार लिहिली की ती एका वेगळ्या चॅनलमध्ये जाऊन पडते. सुरुवातीला सर्व्हरवर कुठलीच कमांड चालेना, डीएममध्ये (खाजगी मेसेजमध्ये) मात्र सगळं व्यवस्थित, त्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी कळलं की मेसेज कंटेंट इंटेंट (सर्व्हरवरच्या मेसेजचा मजकूर वाचायची बॉटची परवानगी) कोडमध्येपण ट्रू करावा लागतो, नुसता डेव्हलपर पोर्टलमध्ये ऑन करून भागत नाही. ते झालं.

आता भानगड अशी की मेस आणि पाणी सगळ्यांना चालतंय पण गाऱ्हाणं माझ्या फोनवरून चालतं आणि रूममेटच्या फोनवरून नाही, लॉगमध्ये सरळ कमांड नॉट फाउंड. मी त्याचा मेसेज दहा वेळा बघितला, एका अक्षराचा फरक नाही. तोच कॉपी करून मी पाठवला तरी चालत नाही!! डोकं फिरलंय.

आणि जाता जाता, एवढं लांब नाव कोण टाइप करणार, नुसतं '!गा' करता येईल का?

प्रतिसाद १
शॉर्टकट सोपा आहे, कमांडच्या डेकोरेटरमध्ये (फंक्शनच्या वरची @ वाली ओळ) एलियासेसची, म्हणजे पर्यायी नावांची, लिस्ट देता येते, त्यात 'गा' टाक. दुसऱ्या लफड्यासाठी दोघांच्या मेसेजमधला तो शब्द घेऊन लेन्थ (किती कोड आहेत ते) प्रिंट कर.

धागाकर्ता
माझा ८, त्याचा ९. हे कसं काय??

प्रतिसाद २
वाटलंच होतं, तो अर्धा र. तुझा कीबोर्ड नुक्तावाला ऱ आणि हलंत देतो, त्याचा साधा र, हलंत आणि त्यामागे न दिसणारा झेडडब्ल्यूजे (झीरो विड्थ जॉइनर, अक्षरं जोडायचं शून्य रुंदीचं चिन्ह). डोळ्याला दोन्ही सारखेच, बॉट मात्र अक्षराचे कोड जुळवून बघतो. युनिकोड नॉर्मलाइज (एकाच अक्षराचे वेगवेगळे कोड एकसारखे करणं) करायला जाऊ नकोस, त्याने झेडडब्ल्यूजे जात नाही. ऑनमेसेजमध्ये (प्रत्येक मेसेजला चालणारं फंक्शन) मेसेज आला की आधी 'र, हलंत, झेडडब्ल्यूजे' च्या जागी 'ऱ, हलंत' रिप्लेस करून टाक. सुऱ्या, दोऱ्या, कुठलाही शब्द असू दे, एकदाच निस्तरेल.

धागाकर्ता
केलं, आणि आता मेसपण बंद, पाणीपण बंद. होतं तेही गेलं 🤦

प्रतिसाद १
ऑनमेसेज स्वतः लिहिलंस ना, मग त्याच्या शेवटी प्रोसेस कमांड्स (मेसेजमधली कमांड ओळखून चालवणारं फंक्शन) अवेट करून बोलवावं लागतं, नाहीतर बॉट मेसेज वाचतो आणि गप्प बसतो. इथे सगळेच एकदा आपटतात, मीपण आपटलोय.

प्रतिसाद ३
मी म्हणतो स्लॅश कमांड ('/' टाकलं की यादी येते ती) का नाही करत? नाव देवनागरीत चालतं, ३२ अक्षरांपर्यंत, आणि पोरं यादीतून निवडतात त्यामुळे कुणाचा र कसा हा प्रश्नच येत नाही.

धागाकर्ता
स्लॅशचं सुट्टीत बघतो, आता पोरांना उद्गारचिन्हाची सवय लागलीय. ती एक ओळ राहिली होती, टाकली आणि सगळं चालू झालं. रूममेटने लगेच टेस्टिंग केलं:

!गा पोहे आजपण गार