नेत्यांनी समाचाराला घरी यावं का, आणि यायचं तर कधी?

रामबागकर: 30 मार्च 2023, रामनवमी. आपल्या इंदूरच्या पटेल नगरात बेलेश्वर महादेव मंदिरातला बावडीवरचा (पायऱ्यांच्या विहिरीवरचा) स्लॅब खचला आणि 36 जण गेले. दुसऱ्याच दिवशी मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान हजर. घटनास्थळी जाणं, जखमींना भेटणं समजू शकतो. पण ज्या घरातलं माणूस गेलंय तिथे पहिल्या तीन दिवसांत कोणत्याही पक्षाच्या नेत्याने जाऊ नये. ताफा येणार म्हणून गल्लीच्या दोन्ही तोंडांना बॅरिकेड लागतात, बाहेरगावचे नातेवाईक बॅगा घेऊन चौकात ताटकळतात. तिसऱ्या दिवशी मुलगा पंचकुइयाच्या स्मशानात अस्थी गोळा करत असतो आणि घरून फोन येतो, "साहेब निघालेत, लवकर ये." यायचंच तर दहाव्यानंतर या.

नंदलालपुरा_गल्ली: दहाव्यानंतर कोण येतं, भिया? तोवर पेपरात दुसरी बातमी असते. बुडून, वीज पडून, साप चावून मृत्यू झाला तर मध्य प्रदेश सरकारच्या राजस्व पुस्तक परिपत्र 6-4 प्रमाणे वारसांना 4 लाख मिळतात. त्यासाठी ठाण्याचा मर्ग (अकस्मात मृत्यूची पोलिसांची नोंद), पंचनामा, पोस्टमॉर्टेम रिपोर्ट, मृत्यूचा दाखला, वारसाचं पासबुक, सगळं तहसीलला पोचावं लागतं. एक कागद कमी पडला की फाइल तिथेच झोपते. नेता येणार असं कळलं की पटवारी, म्हणजे तलाठी, आपण होऊन दारात येतो आणि झेरॉक्स मागतो. सुतकात ऑफिसचे खेटे कोण घालणार?

रामबागकर: म्हणजे पटवारी हलावा म्हणून विधवेने कॅमेऱ्यासमोर बसायचं? तेवढं काम कलेक्टरला एका फोनवर सांगता येतं.

सुखलिया_54: दोघांचंही अर्धं बरोबर. गडबड होते ती भेटीच्या पद्धतीत. गाड्या मुख्य रस्त्यावर सोडून नेत्याने दोन माणसांसह पायी यावं. चपला बाहेर, सतरंजीवर खाली बसायचं. सोफा रिकामा करायला लावायचा नाही. दहा मिनिटं पुरतात. "कसं झालं हो?" हे विचारायचंच नाही, त्या घराने ते दिवसभरात पन्नास जणांना सांगितलेलं असतं. आणि नोकरीचा शब्द देऊ नये. अनुकंपा नियुक्ती सरकारी नोकरीत असताना वारलेल्याच्या घरच्यांना मिळते, दुकानदाराच्या मुलाला नाही. हा शब्द हमखास दिला जातो आणि मग ते पोर दोन वर्षं बंगल्यावर चकरा मारतं.

सोबत नायब तहसीलदार असावा. त्याने आपला नंबर कागदावर लिहून द्यावा आणि नावं तपासून घ्यावीत. आपल्या मराठी घरांत हीच मेख असते: लग्नात बाईचं नाव बदललेलं, पासबुकावर माहेरचं, आधारवर सासरचं, त्यात हिंदी बाबूने आडनाव आपल्या मनाने लिहिलेलं. पैसा अडतो तो इथे. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत फुकट होते, तेव्हाच नाव नीट घालून घ्यावं. पुढे दुरुस्तीला शपथपत्र लागतं.

नंदलालपुरा_गल्ली: पद्धत मान्य. पण कॅमेरा नको म्हणू नका. बावडीच्या वेळी राज्याचे 5 लाख आणि पंतप्रधान मदत निधीतून 2 लाख सगळ्यांदेखत जाहीर झाले. चार भिंतींत दिलेला आकडा उद्या कोण आठवून देणार?

रामबागकर: आकडा सर्किट हाउसवर जाहीर करा ना, तिथे हवे तेवढे कॅमेरे आणा. आणि ती रक्कम म्हणजे मदत, भरपाई नव्हे. स्लॅब कुणाच्या परवानगीने टाकला होता, बेकायदा बांधकाम हटवायची नोटीस कुठे अडली, हे विचारायचा हक्क 7 लाख घेतल्याने संपत नाही. साहेब येऊन गेले की शेजारीपाजारीच घरच्यांना म्हणायला लागतात, "एवढे मोठे लोक आले, आता कशाला कोर्टात जाता?" मला भीती आहे ती याची.

सुखलिया_54: ते शेजाऱ्यांना सुनावा, नेत्याला नाही. कागद घेताना मात्र एक पाहा: "यापुढे कोणताही दावा करणार नाही" अशी ओळ असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको.