घरातला बोका बाहेर सोडावा का? (पुणे, तिसरा मजला)

मृदुला_कर्वेनगर
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. आमच्याकडे एक बोका आहे, गोट्या, वय साधारण दहा महिने. पिल्लू असताना पार्किंगमध्ये सापडला तेव्हापासून घरातच, बाहेरचं जग म्हणजे बाल्कनी आणि व्हेटकडे जायची बास्केट. हल्ली त्याने नुसता उच्छाद मांडलाय, रात्री दारापाशी बसून असा काही गळा काढतो की शेजारच्या काकूंनी विचारलं, घरात कुणाला बरं नाहीये का. दार उघडलं की पायातून सटकतो, परवा खालच्या मजल्यावरून उचलून आणला. सासूबाई म्हणतात, अगं मांजराला कुणी कोंडून ठेवतं का, आमच्या साताऱ्याच्या घरी मांजरं दिवसभर हुंदडायची आणि जेवायच्या वेळी बरोब्बर ताटापाशी हजर. नवरा म्हणतो खाली कुत्र्यांची टोळी आहे, अजिबात नाही. मला दोघांचंही पटतं हाच प्रॉब्लेम आहे. खिडकीत बसून कबुतरांकडे बघत दात वाजवल्यासारखा आवाज काढतो ना, ते बघून वाईट वाटतं खरंच. रोज थोडा वेळ सोडला तर चालेल का? (लसी झाल्यात, नसबंदीचं ऑपरेशन अजून नाही केलेलं.)

बोकोबा
शेवटच्या कंसातच उत्तर आहे ताई. दहा महिन्यांचा बोका, ऑपरेशन नाही, रात्री दारापाशी रडतोय म्हणजे आसपास कुठलीतरी मांजर माजावर आलीये, त्याला मोकळी हवा वगैरे काही नकोय. आधी ऑपरेशन करून घ्या, मग बाहेरचं बोलू. आणि ऑपरेशन झालं म्हणजे दुसऱ्या दिवशी गप्प बसेल असं नाही हां, हॉर्मोन्स उतरायला काही आठवडे जातात, तोवर कानात बोळे. आत्ता सोडलात तर एरियातल्या जुन्या बोक्यांशी मारामाऱ्या करणार, चावलेल्या जागी गळू होतं, वरून जखम टिचभर दिसते आणि आत पू भरलेला असतो. एफआयव्ही, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू, तो पण मुख्यतः असाच चावण्यातून पसरतो, आपल्याकडे जी तीन आजारांची लस देतात त्यात तो येत नाही. शिवाय घरात लघवीच्या पिचकाऱ्या मारायला लागला नाहीये अजून हे तुमचं नशीब, एकदा सोफ्यावर मारली की सासूबाईच म्हणतील ऑपरेशन करा.

वाडीकर
आम्ही गुहागरकडचे. आमच्याकडे मांजर बाहेरच असतं, आत ठेवायचं म्हटलं तर दारं बंद ठेवावी लागतील आणि तशी पद्धतच नाही. उंदीर, सरडे, पाली, सगळं मारून आणतं, कधी सापाचं पिल्लूसुद्धा पडवीत आणून टाकतं आणि आपण खुर्चीवर पाय वर घेऊन बसायचं. पण सासूबाईंना एक विचारा, जेवायच्या वेळी हजर व्हायची ती दरवर्षी तीच मांजरं होती का? आमच्या आईला विचारलं तर ती एका दमात डझनभर नावं सांगते, एक बिबट्याने नेली, एकाला साप चावला, एक हायवेवर गेला, आणि बरीचशी नुसती "दिसली नाहीत मग". तिकडे एक गेलं की दुसरी व्यालेली असते त्यामुळे कोणाला फारसं जाणवत नाही. तुमचा गोट्या एकच आहे. त्यातून फ्लॅटमध्ये वाढलेला, कुत्रा अंगावर आला तर झाडावर चढायचं हे त्याला कोणी शिकवलंय?

लीड्सची_मनी
इथे इंग्लंडमध्ये बरोब्बर उलटं आहे, मांजर घरातच ठेवते म्हटलं की लोक मी छळ करतेय असं बघतात. दत्तक घ्यायला गेलं तर कित्येक शेल्टरवाले आधी विचारतात बाग आहे का. मागच्या दारात मांजरासाठी झडप असते, कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप वाचून आपल्याच मांजराला आत घेते, शेजारचा बोका बाहेर बोंबलत बसतो. चिप तर १० जून २०२४ पासून कायद्यानेच लागते, २० आठवड्यांच्या आत. माझी दिवसा जाते, अंधार पडायच्या आत जेवणाचा डबा वाजवून परत बोलावते कारण रात्री गाड्यांखाली जायची भीती जास्त. पण मृदुला, इथलं बघून तिथे सोडू नकोस. इथे रस्त्यावर भटकी कुत्री नाहीत, मांजरांमध्ये रेबीज नाही. पुण्याला माहेरी आले की त्याच सोसायटीत मीच म्हणेन आतच ठेवा.

शिंजीर
मी पक्ष्यांच्या बाजूने बोलतो, कारण त्या बाजूने कोणी बोलत नाही. आमच्या सोसायटीत जास्वंदीवर शिंजीरने घरटं केलं होतं, बुलबुलची पण दोन होती, वरच्या मजल्यावरच्या "थोडा वेळच सोडतो हो" मांजराने सगळं साफ केलं. पोट भरलेलं असलं तरी मांजर शिकार करतंच. कॅनबेरामध्ये १ जुलै २०२२ नंतर जन्मलेलं कुठलंही मांजर मालकाला स्वतःच्या आवारातच ठेवावं लागतं, ते काही उगाच नाही.

बोकोबा
@शिंजीर कबुतरं मारली तर आमची सोसायटी सत्कार करेल 😀 पण मुद्दा मान्य. आणि मृदुलाताई, रेबीजची लस दरवर्षीची आहे, तारीख बघून ठेवा. बाहेर जाऊन गोचीड, पिसवा घेऊन आला तर मेडिकलमधून कुत्र्याचं औषध आणून मानेवर टाकू नका, त्यातल्या काहींत परमेथ्रिन असतं, मांजर त्याने मरतं. खूप लोकांना माहीत नसतं हे.

आर्किटेक्ट_बाई
सगळे खालचं बोलताय, बाल्कनीचं कोणी विचारलंच नाही. जाळी आहे का? मांजर पडलं तरी पायावर पडतं, काही होत नाही, हा समज कृपया सोडा. न्यूयॉर्कमधल्या एका हॉस्पिटलचा १९८७ साली पेपर आला होता, उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांचा, त्यातली ९० टक्के वाचली म्हणून लोक तो फिरवत असतात, पण जी जागेवर गेली त्यांना हॉस्पिटलात कोण नेणार? शिवाय वाचलेल्यांतही छातीला मार, जबडा, पाय मोडलेले भरपूर. कबुतरजाळीवाल्याकडून नायलॉनची लावून घ्या, मांजर आहे हे आधीच सांगा म्हणजे खालचे हुक जवळजवळ मारेल, नाहीतर खालून डोकं घालून पार होतात. जाळीच्या आत उभी फळी, एक काथ्या गुंडाळलेला खांब, गवताची कुंडी एवढं केलंत तरी दिवसभर तिथेच पडून राहील. संध्याकाळी दोरीला पीस बांधून दमवा आणि लगेच जेवायला घाला, रात्री झोपतात. लिली असेल कुंडीत तर मात्र आजच काढा, परागकण चाटले तरी किडनी जाते.

मृदुला_कर्वेनगर
बापरे किती लिहिलंत सगळ्यांनी, थँक्यू. लिली नाहीये, स्पायडर प्लांट आहे तो त्याने आधीच अर्धा खाल्लाय. ऑपरेशनसाठी पुढच्या आठवड्यातली वेळ घेतली, जाळीवाला रविवारी माप घ्यायला येतोय. वाडीकरांचा प्रश्न सासूबाईंना विचारला, त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या "ठमी गेली होती बाई, विहिरीत." पण माघार घेतलेली नाही, आता म्हणतात निदान गच्चीवर तरी ने त्याला. गच्चीला कठडा आहे पण कमरेएवढाच. पट्टा लावून नेता येतं का मांजराला? गळ्यातला पट्टा की ते जॅकेटसारखं?

लीड्सची_मनी
जॅकेटसारखं घे, गळ्यातल्याला दोरी लावायची नाही, गळफास बसतो. आणि बोटभर जागा राहील इतपतच घट्ट, मांजरं मागे सरकत सरकत सुटतात. आधी बरेच दिवस घरातच घाल, घातलं की लगेच चिकन द्यायचं. पहिल्यांदा आडवा पडेल पॅरालिसिस झाल्यासारखा, घाबरू नकोस, सगळेच नाटकं करतात. आणि गच्चीवर चालत नेऊ नकोस, बास्केटमधून ने, बास्केटमधून आण. दारातून पायाने बाहेर जाता येतं हे कळलं की रोज त्याच दारात रडत बसेल.

वाडीकर
दुपारी नेऊ नका फक्त, गच्ची तापते, पाय भाजतात त्यांचे.